आधी भात, मग आरसा

…आणि मी म्हणतो, असं कुठल्या घरात असतं का हो, की भात लावायचा म्हटलं की कॉम्प्युटरचा प्लग काढायचा? आमच्यात असतं. आमच्या क्लातेन गावात वीज घरात येते तीच मोजूनमापून, पंप, इस्त्री आणि भाताचं भांडं एकदम लागलं की खटका पडलाच… पण बाकीच्या घरांत इस्त्री काढतात, आमच्या सासूबाई माझं मशीन काढतात! म्हटलं, 'आई, ते सतत चालू लागतं, त्यात आरसा आहे.' तर म्हणतात, 'असू दे. आधी भात.'

आता आरसा म्हणजे काय, तुम्हाला सांगतो. आमच्याकडे रविवार आला की पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा. बायकोला कधी कोपऱ्यावर न नेणारा माणूस शामा पक्ष्याचा पिंजरा मांडीवर घेऊन थेट सुराबाया शहरापर्यंत जातो. त्या स्पर्धेचे गुण मांडायचा एक प्रोग्राम आहे, आमच्या मारवोतोकाकांनी लिहिलेला, फुकट, सगळ्यांना खुला, कुणीही घ्या, कुणीही सुधारा. त्याचं कोड इंटरनेटवर एका जागी असतं. ते सगळं, अगदी पहिल्या ओळीपासूनच्या बदलांसकट, माझ्या मशीनवर जसंच्या तसं उतरवून ठेवायचं, आणि तिथं काही बदललं की इथंही आपोआप बदलायचं, हा झाला आरसा. उद्या मूळ जागेला काही झालं तर? सुयातकडे, म्हणजे माझ्याकडे, आहे ना! या भरवशावर लोकांनी आपापल्या प्रती पुसून टाकल्या. आणि सुयातकडे काय आहे? सासूबाई आहेत.

दुसरा आरसा मागेलांग गावच्या बाग्योकडे. त्याची खोली एसीची, वीज गेली तरी बॅटरी हजर, मशीन क्षणभर बंद पडायचं नाही. फोन करून वर मलाच, 'काय सुयात, आज आरसा की भात?'

आणि परवाच्या रविवारी काकांचा प्राबू हरला. प्राबू म्हणजे काकांचा शामा, जीव की प्राण. आयत्या वेळी गाणं सोडून पंख साफ करत बसला, आणि काकांच्याच प्रोग्रामनं त्याला शेवटून दुसरा काढला. काका रुसले. साठी उलटलेला माणूस हो! घरी गेले, कोड समूळ पुसलं आणि त्या जागी प्राबूचा एक फोटो ठेवला.

बाग्योचा आरसा किती इमानदार! तासाभरात त्यानंही सगळं पुसलं आणि फोटो उतरवून घेतला. मागचं काही खणून काढता येतं म्हणतात, पण जागा वाचवायला जुनं लगेच झाडून टाकायची अक्कल आम्ही दोघांनीच लढवलेली. बाग्यो फोनवर रडकुंडीला, 'सुयात, माझ्याकडे नुसता पक्षी उरलाय रे.' पाठोपाठ काकांचा फोन. राग गेलेला. 'सुयात, बायको गेल्यापासूनच्या माझ्या सगळ्या संध्याकाळी त्यात होत्या रे…'

 आणि मला एकदम आठवलं, माझं मशीन! शेजारच्या घरी कार्य, त्यांचा भात आठवडाभर आमच्याकडे शिजत होता, म्हणजे मशीन आठवडाभर बंद, म्हणजे जुनं सगळं जागच्या जागी! पण चालू झालं रे झालं की ते आधी काय करणार? मूळ जागी डोकावणार, आणि झालं, पुन्हा प्राबू. मी दुकानात होतो, तिथूनच घरी फोन लावला.

'आई, मशीनला हात लावू नका!'

'अरे, आत्ताच प्लग लावतेय. एवढा जीव टाकतोस त्याच्यावर, म्हटलं आज भाताबरोबर तुझंही चालू दे.'

'नको, आई, नको!'

'रोज ओरडतोस लावा लावा, आज लावतेय तर लावू नका! तुझं एक काय ते ठरव बाबा. हं, लागलं बघ.'

फोनवर मला पंख्याची घरघर ऐकू आली हो… संपलं म्हटलं. आणि तेवढ्यात, खट्!

'गेली वीज,' सासूबाई म्हणाल्या. 'तरी सांगत असते, आधी भात.'

तसाच घरी पळालो. तोवर सासूबाईंनी माझा प्लग काढून, खटका वर करून भात पुन्हा लावलेला. इंटरनेटची वायर उपटली, म्हटलं आता लावतो मशीन, तर सासूबाई भांड्यासमोर उभ्या. 'अर्धा शिजलाय. थांब.' तोवर काकाही येऊन पोचले. बसलो दोघं, काकांची नजर त्या वाफेवरून हटेना. भात झाला, मशीन लावलं, आणि एकेक ओळ जिथल्या तिथं! काका रडले, मग सोयाबीनच्या टेंपेबरोबर तोच भात दोनदा मागून जेवले. प्राबूचे गुण मात्र तेवढेच राहिले, त्यांनीच राहू दिले.

नंतर आमची सगळ्यांची बैठक झाली. ठरलं काय, तर एक आरसा मधूनमधून बंद असलाच पाहिजे, आणि तो कधी लावायचा हे ठरवायला घरात कुणीतरी खंबीर माणूस हवं. प्रोग्रामच्या पानावर काकांच्या नावाखाली आता सासूबाईंचं नाव आहे. माझं खाली कुठंतरी असेल, शोधतोय. आणि तोच बाग्यो आता फोन करून अदबीनं विचारतो, 'सुयात, आज आरसा लावायचा का? जरा आईंना विचार ना.' विचारतो. त्या वळूनसुद्धा बघत नाहीत.

मग काय… सांगतो त्याला, शिजतोय अजून.