कंपनीला काय सांगायचं

हसू नका, पण गेल्या आठवड्यात आमच्या घरचा कॉम्प्युटर आईने दोन दिवस भीतीने बंद ठेवला होता. तिच्या बचत गटाला म्हसावदच्या ग्रामपंचायतीकडे बैठकीसाठी खोली मागायची होती, आणि तो अर्ज स्वतः टाइप करायचा, असा आईचा हट्ट होता. चौथ्या ओळीवर प्रोग्रॅम अचानक बंद पडला आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘अडचणीची माहिती कंपनीला पाठवत आहोत.’

आईने झटकन हात मागे घेतला. “मन्ह्या चुका तठे कोन वाची ऱ्हायना?”

“कोनीच नही वं, माय,” मी म्हटलं. पण तिला पटलं नाही.

“अर्ज आते गटनी सरलाबाईले लिखू दे.”

एवढ्या हौसेने बसलेली आई उठून गेली, ते मला बघवलं नाही. दोन दिवसांनी शोधून शोधून मी सेटिंगमधलं ‘जादा माहिती पाठवा’ हे बटण बंद केलं आणि तिला बोलावून दाखवलं.

“बठ्ठं बंद व्हई गयं?” सगळंच बंद झालं का, याची तिला खात्री हवी होती.

“बठ्ठं नही. थोडं ते जाईनच. मशीन कोनतं शे आनि बरं चाली ऱ्हायनं का, इतलंच.”

आई खुर्ची ओढून बसली आणि एका बोटाने पाचवी ओळ सुरू केली.

“मंग जाऊ दे. मायेरना फोन उना का मी बी इतलंच सांगस. बठ्ठं बरं शे.”