आप्पांच्या दारावरचा ओला रंग

मंडळी, पुढं या. खुर्च्या रिकाम्या आहेत. या वाचनालयात एवढी माणसं मी प्रथमच पाहते आहे. मी इथं पुस्तकं देते-घेते, म्हणून सांगू शकते.

बोलणं जड जातंय. दुःख आहेच. पण राग जास्त आहे, आणि शोकसभेत रागावू नये म्हणतात. मगदूम आप्पांनी असलं काही कधी पाळलं नाही. आज मीही पाळणार नाही.

आत येताना तुम्ही दार पाहिलंत. काहीजण म्हणालात, छान चकाकतंय. चकाकणारच. आज सकाळीच रंग मारलाय.

हे सागवानी दार काढून लोखंडी शटर बसवायचं कार्यकारिणीनं ठरवलं होतं. आप्पा बैठकीत ओरडले, "लाकूड कुजलं न्हाय. तुमचा रंग कुजलाय." मग ठरलं, की आप्पांनी दार नीट करून दाखवावं. पावसात फुगलं, तर शटर.

बँकेतून निवृत्त झालेले आप्पा रंग खरवडायची लोखंडी पत्री आणि काचकागद घेऊन व्हरांड्यात बसायला लागले. जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडायचे. लाकडाच्या रेषेनं घासायचे. ओल्या फडक्यानं धूळ पुसायचे आणि लाकूड वाळेपर्यंत गप्प बसायचे. रंगाचा डबा त्यांनी अजून आणलाच नव्हता.

जाता-येता तुम्ही विचारायचात. तुम्हीच, अध्यक्षसाहेब.

"काय आप्पा, दाराची दाढी झाली न्हाय व्हय अजून?"

"आधी तुमची करतो की. या, पत्री हातातच हाय."

सगळे हसायचे. मदतीला कोण बसलं? कोण?

उजवी फळी निम्मी झाली आणि आप्पा गेले. घरी, झोपेत.

मग कार्यकारिणी जागी झाली. "पावणं येणार. दार असलं भुंडं बरं दिसतंय व्हय? मारून घ्या एक हात."

मारला. पापुद्र्यांवर मारला. धुळीवर मारला. आप्पांनी उघड्या केलेल्या लाकडावर प्रायमरशिवाय मारला. डाव्या फळीवर एक कोळी आहे, जाऊन बघा. त्याच्यावरही मारला. दाराची खालची कड, जिथून पाणी शिरतं, ती तेवढी कोरडी राहिली. तिथं वाकावं लागतं.

आणि हे सगळं आप्पांच्या सन्मानासाठी.

पावसात हा रंग सुटेल. दार फुगेल. तुम्ही मान हलवाल आणि म्हणाल, आप्पांनी बिचाऱ्यांनी केलं, पण टिकलं नाही. शटर बसेल. दोष आप्पांच्या माथी.

ते मी होऊ देणार नाही. अध्यक्षसाहेब, घड्याळ बघू नका, संपवतेच आहे.

उद्या सकाळी सुतार दार बिजागरीतून उतरवून देणार आहे. मी आणि आप्पांच्या पत्नी, शांताकाकू, ते पहिल्यापासून खरवडणार आहोत. पत्री काकूंनी जपून ठेवली आहे. यायचं त्यांनी जुने कपडे घालून यावं. ज्यांना नुसतं हळहळायचं असेल, त्यांनी आजच हळहळून घ्यावं.

आता दोन मिनिटं उभे राहू. आप्पा म्हणाले असते, "उभं ऱ्हाऊन काय हुतंय? बसा, घासा." तरी उभे राहू.

आणि जाताना दाराला खुशाल टेका. रंग ओला आहे. तुमच्या पाठीला जेवढा लागेल, तेवढा आम्हाला कमी खरवडावा लागेल.

उठा.