माश्यांची खानावळ

आणि मी घसा फुटेस्तोवर सांगतेय की माझा हात स्वच्छ आहे, तर एकानं विश्वास ठेवला असेल तर शप्पथ. बसा बाई, त्या स्टुलावर नको, ते डगमगतं. तुम्ही चौकशीला आलात, म्हणजे मुळापासून सांगायला हवं. मी चौथी शिकलेली, जमेल तसं सांगते. इथं माश्या पाळतात — घरातल्या नव्हेत, पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, ती चिलटं — आणि त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, पातेलंभर खळ शिजवायची, निवली की मोठ्या सरांनी दिलेलं औषध घालायचं — कढत असताना घातलं तर औषध फुकट जातं — आणि बाटल्यांत ओतायची. हसताय? हसा. माणसांना मिळत नाही अशी बडदास्त.

औषध कसलं? तर आयुष्य वाढवायचं. डाव्या खोलीतल्या माश्यांच्या पोटात नेहमीचे जंतू, उजव्या खोलीतल्या अंड्यात असल्यापासून धुऊन काढलेल्या, पोटात एक जंतू नाही. औषध दोघींना तेच, पातेलंही एकच. म्हणजे माशीला औषध जगवतं, की पोटातले जंतू ते औषध पचवून तिला जगवतात, ते कळायचं. आणि कळत आलं होतं हो — डावीकडच्या म्हाताऱ्या नवरीसारख्या मिरवत होत्या, उजवीकडच्या वेळेवर आटपत होत्या. सर नाचायचेच बाकी होते, मी पातेलं घासताना गाणी म्हणत होते. पुढची खेप आली, आणि उजवीकडच्याही मरेनात. फाडलं एकीचं पोट, तर आत जंतूंची जत्रा. कुठले? माणसाच्या तोंडातले. झालं, सगळ्या माना माझ्याकडे. पातेलं काढून घेतलं, बाटल्या धुवायला बसवलं. मला. चूल माझी, चमचा माझा, आणि मी बाटल्या धुवायच्या?

मग मीही सोडलं नाही. सर माश्या कशा उचलतात, बघितलंत? नळी तोंडात धरायची, ओढायची, की माशी नळीत — आणि फुंकलं की दुसऱ्या बाटलीत. तोंडावर म्हटलं, "फुंकता तुम्ही, आणि शिंतोडे माझ्यावर?" तर म्हणे नळीत जाळी असते, कापूस असतो. तपासलासुद्धा कापूस, निघाला स्वच्छ. निघू दे. मी नाही मानत.

कारण माझं तोंड तर बांधलेलं असतं. फडकं, नाकाच्या वरपर्यंत, दरोडेखोरीण दिसतेस म्हणतात मला. — कोण म्हणजे? घरचेच. ते कोपऱ्यावरच्या खानावळीत आचारी, दुपारची भट्टी विझली की येतात इथं जरा टेकायला. हल्ली माझा खांदा धरलाय, खळ निवताना ढवळत राहावं लागतं, नाहीतर साय धरते, मग तेच ढवळतात, निवली की औषधही तेच कालवतात. नवऱ्यानं बायकोचं पातेलं ढवळलं तर त्यात चौकशी कसली? कोपरापर्यंत हात धुतात. अहो, त्यांच्या हातचं जेवायला गर्दी लोटते, एक तक्रार नाही आजवर, आणि ती का नाही, तर चव घेतल्याशिवाय ते काही पुढं जाऊ देत नाहीत म्हणून. इथंसुद्धा. मी म्हणते, माश्यांचं आहे हो, तर म्हणतात, खाणारा लहान म्हणून आपण आळस करायचा का — आणि पळी जिभेला लावतात, साखर बेताची आहे म्हणतात, आणि तीच पळी परत —

परत —

थांबा. त्या फोनवरचं रेकॉर्डिंग बंद करा आधी. नाही, मी रडत नाही, हसतेय, पोटात कळ आली हसून. म्हणजे उजवीकडच्या सगळ्या पोरी त्यांच्या उष्ट्यावर जगल्या. आणि हे रोज पळीभर औषध चाटून घरी सांगतात, हल्ली तरतरी वाटते. अगं आई. आता हे मरायचे नाहीत, आणि मी जन्मभर रांधत बसायचं.

उठा बाई. सरांना सांगा, नळीवरचा आळ मी मागे घेतला. पातेलं माझं मला परत द्या, खांदा तुटला तरी एकटी ढवळीन, दाराला आतून कडी घालून. आणि तोंड कुणाचं विचारलं, तर नाव काही मी घेणार नाही, तुम्हीच सांगा — आमचे हे.