कॉइलला लागलेली काकवी

सोलापूर स्टँडवर मी मोहोळच्या गाडीची वाट बघत होतो. पुढं मामा-भाचे उभे होते. भाच्याच्या हातात वाफेची सिगरेट होती, बंद पडलेली.

"मामा, आठ दिवसांत ही तिसरी कॉइल गेली बघा."

"कॉइल म्हंजी काय रं, पृथ्वीराज?"

"आतली बारीक तार. ती तापली की रसाची वाफ हुती. पर दरवेळी काळीकुट्ट पडती आन् करपल्यागत वास मारती."

"ताव जास्त झाला आसंल."

"कसा हुईल? टेम्परेचर कंट्रोल हाय की. दोनशे डिग्रीच्या वर जातच न्हाय."

"आन् रस कसला घालतोस?"

"त्यो मिळंना झालाय. म्हणून तुमच्या गुऱ्हाळातली काकवी घातली, पाणी टाकून."

"आरं गाढवा! तीस वर्सं गूळ करतोय मी. एकशे अठराला काहील उतरवतो. दोनशेला काकवीचा कोळसा हुतो, कोळसा!"

"मंग एकशे अठरावर लावू?"

"लाव, आन् नळीतनं ढेप काढ! बिडी सोडलीस न्हवं? मंग हे कशाला?"

"लगीन ठरवताना वैष्णवीला शब्द दिला हुता फकस्त बिडीचा."

"तिला ह्याचा वास येत न्हाय व्हय?"

"येतो की. परवा म्हणाली, गुऱ्हाळावर कामाला लागलात का?"

"मंग?"

"व्हय म्हणालो."

"बरं."

"आयतवारी बापाला घिऊन माजं गुऱ्हाळावरचं काम बघाया येनार हाय."

"मंग आयतवारपतुर कशाला थांबतोस? उद्या पाटंच ये. चुलवाणात चिपाडं टाकायला मानूसच न्हाय माज्याकडं."