रुचिताचा न कापलेला रोल

आदरणीय अध्यक्ष भाऊसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, द्वारकेतल्या आपल्या मंडळाच्या मैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या स्वरूपाताई, सर्वांना माझा नमस्कार.

ताई आता दिल्लीतली ही द्वारका सोडून नाशिकला लेकाकडे चालल्या. त्यांच्या क्लेच्या वर्गाबद्दल मी वेगळं काय सांगावं? ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी ही माती. तिच्या रंगीत पट्ट्या चित्राप्रमाणे जुळवून जाड रोल करायचा, मग दाबत, ओढत बारीक करायचा. बाहेरून काही कळत नाही; कापला की प्रत्येक चकतीत तेच चित्र! भाऊसाहेबांनी एकदा बर्फी समजून उचलली होती, तो किस्सा चहाच्या वेळी सांगेन.

माझी रुचिता याच वर्गात यायची. आजारपणात तिनं शेवटचा रोल केला. हॉस्पिटलला निघताना म्हणाली, "आई, बिल्कुल हात लावू नकोस यार, सरप्राइज आहे. मी आले की कापू." ती आलीच नाही.

दोन वर्षं तो रोल फ्रिजमध्ये होता, लोण्याच्या डब्यामागे. दार उघडलं की वाटायचं, ती पाठीशी उभी आहे. मी वळून बघायची. खरं सांगते, अजूनही बघते. आत तिचाच चेहरा असणार, असं मी धरून चालले होते. आणि नसला तर? या भीतीनं सुरी उचलवेना. ताई वर्गात हळूच विचारायच्या, "आज कापायचा?" मी म्हणायची, "पुढच्या वेळी."

त्या जाणार हे कळलं, तेव्हा रोल घेऊन त्यांच्या घरी गेले. गार माती तडकते, म्हणून तो तळव्यांत धरून ऊब देत बसले. पहिली चकती कापली. नुसता रंगांचा चिखल! मी सुरी खाली ठेवली.

"टोक नेहमीच बिघडतं," ताई म्हणाल्या. "अजून आत जा."

दुसऱ्या चकतीत चेहरा होता. चष्मा, मोठी टिकली, तोंडभर हसू. माझा चेहरा होता तो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. ओठ मनासारखे होईनात, म्हणून कितीदा मोडून केले तिनं. पण आईच कापेल, तोवर सांगू नका, म्हणाली होती."

एक चकती भाजून, गळ्यात घालायला दोऱ्यात ओवून मी ताईंना दिली आहे. उरलेला रोल परत फ्रिजमध्ये ठेवलाय. त्यात सगळीकडे मी आहे, ती कुठेच नाही.

ताई, तुमचे आभार कसे मानू? मंडळींनो, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि आज मी हसले नाही, म्हणून रागावू नका. ते हसू ताईंच्या गळ्यात आहे.