एका घराला एक कार्ड

मी मूळची कळंबकडची, भातशेतीवाल्यांची पोर, आणि मला दिली चौक गावात, जुन्या हायवेला, जिथं दर दुसरं दुकान गॅरेज नायतर ढाबा. म्हंजे बघा, ज्या गावात लोक पंक्चर काढायला थांबतात तिथं ही शैला अठ्ठावीस वर्षं पुस्तकं देत बसलेय, आणि हसू नका, माझे वाचक पक्के हायत. ग्रंथालय एका खोलीचं, खाली वेल्डिंगचं दुकान, त्यामुळं आमच्याकडं शांतता पाळा अशी पाटी हाय पण शांतता नाय.

तेव्हाचं ग्रंथपालाचं शिक्षण म्हंजे काय सांगू तुमाला, निव्वळ अक्षराचं शिक्षण. दर रविवारी एसटीनं जिल्ह्याच्या गावाला जायचं, डबा बांधून, आणि आमचे जुने सर हातात कोरं कार्ड द्यायचे, त्यावर लाल रेषा, लेखकाचं आडनाव पहिल्या रेषेपासून, पुस्तकाचं नाव दुसऱ्या रेषेपासून, तसूभर सरकलं की कार्ड टराटरा फाडायचे, वर म्हणायचे, शैलाबाई, हा काय तुमच्या शेताचा बांध आहे, हळूच सरकवायला? सगळा वर्ग हसायचा, मी पण हसायची, आणि नवीन कार्ड घ्यायची. असं करून करून माझं अक्षर मोत्यासारखं झालं. सरांनी आणखी एक मनावर ठसवलं, की ग्रंथपालाचं पहिलं काम पुस्तक देणं नाही, परत आणणं. घरातला कर्ता धरून ठेवा, म्हणाले, म्हणजे पुस्तक कुठं जात नाही.

मी धरला. एका घराला एक कार्ड, कार्डावर घरच्या पुरुषाचं नाव. वाचायची बाई, पुस्तक जायचं पुरुषाच्या नावावर. आमचे गणपत मिस्त्री, समोरचं गॅरेज त्यांचं, त्यांची बायको मंदा म्हंजे वाचनाची राक्षसीण. ती चिठ्ठी पाठवायची, बहुतेकदा नुसतं कादंबरी द्या, मिस्त्री हाताला लागंल ते पुस्तक न्यायचे, काळ्या बोटांचा एक ठसा कव्हरवर, दुसरा माझ्या टेबलावर. यात काय चुकीचं हाय असं मला कधी वाटलंच नाय.

दोन वर्षांमागं समितीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष अण्णा, सासऱ्यांचे दोस्त, मला पोरीसारखी मानतात, तेच खाली बघून बोलले, शैला, ग्रंथालय सरकारी यादीत वरच्या वर्गात न्यायचंय, अनुदान वाढंल, तर ग्रंथपाल ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा पायजे, तुझं जुनं प्रमाणपत्र चालायचं नाय, दोन वर्षांत पदवी कर नायतर आमाला जाहिरात काढावी लागंल गं. मागून कुणीतरी बोललं, पन्नाशीत आता काय शिकते ही, नातवंडं खेळव. मी मागं वळून बघितलं, मग अण्णांना बोलले, अण्णा, जाहिरात लिहून ठेवा, पण छापू नका. बी.ए. मी लग्नानंतर बाहेरून केलं होतंच, लगेच अर्ज भरला.

आता हे नवीन शिक्षण बघा. तास फोनवर, सर माझ्या भाच्याच्या वयाचे, आम्ही सगळे विद्यार्थी पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतो. माझा फोन फळीवर मिठाच्या बरणीला टेकवलेला, सर डेटाबेस शिकवतायत, मी कालवणाला फोडणी देतेय, कुकरची शिट्टी झाली की सर म्हणायचे, कुणीतरी आपला आवाज बंद करा, आणि मी तोंड असं करून बसायची जशी काय शिट्टी नागपूरच्या विद्यार्थ्याची. पण लाल रेषा गेल्या हो. कार्ड गेलं. रेषा काँप्युटरच ओढतो, अक्षर सगळ्यांचं सारखं. माझं मोत्याचं अक्षर कुणाला दाखवायचीही गरज नाय. एक दिवस रडले, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी दोन बोटांनी टाइप करायला बसले.

शेवटी प्रकल्प होता, आपापलं ग्रंथालय काँप्युटरात भरायचं, सगळी पुस्तकं, सगळे वाचक. मी चार महिने खपले. परीक्षेला गेले तर इस्त्रीची साडी नेसून, जिंकल्यासारखी. सरांनी प्रकल्प उघडला, विचारलं, तुमच्याकडं सगळ्यात जास्त कोण वाचतं? मी बटण दाबलं, नाव आलं गणपत मिस्त्री. काय वाचतात? यादी आली. गरोदरपणातला आहार. रांगोळीचे नमुने. सासुरवाशिणींच्या रडक्या कादंबऱ्या. परत गरोदरपणातला आहार. सर म्हणाले, या गृहस्थांचा व्यासंग मोठा दिसतो. मी तोऱ्यात सांगितलं, ते कुठं वाचतात सर, त्यांची बायको वाचते, आहाराचं सुनेसाठी. मग ती कुठं आहे? घरी हाय. यंत्रात कुठं आहे, मॅडम? तुमच्या नोंदीप्रमाणे या ग्रंथालयात एकसुद्धा बाई वाचत नाही.

मी परत बटण दाबलं, परत मिस्त्रीच आले. नापास.

फेरपरीक्षेला तीन महिने, अण्णांची मुदतही तेवढीच. परतीची एसटी धरली. सर मला हरवण्यासाठी विचारत नव्हते, हे मला पनवेलच्या पुढं कळलं. अठ्ठावीस वर्षं माझ्याच हातानं, त्या मोत्याच्या अक्षरात, मी बायकांना गायब केलं होतं की हो.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरले, बायकांची नावं लिहायला. एक सासू बोलली, सुनेचं नाव कशाला, एवढी नावं लिहून तुला काय मिळतंय? मी बोलले, मावशी, तुमचंबी लिहिते. मिस्त्री तर ऐकेनात, एका घराला एक नाव बस झालं, शैलावैनी. मग एक दिवस त्यांचे चार कारागीर वर्तमानपत्र वाचायला आले होते, मिस्त्रीही होते, मी स्क्रीन फिरवला. मोठ्यानं बोलले, मिस्त्री, यंदा तुमी रांगोळी तीनदा नेलीत, गरोदरपणाचं दोनदा, कितवा महिना हाय? कारागीर पोट धरून खाली बसले. मिस्त्री लालबुंद, घाला बाई तिचं नाव, आत्ताच घाला! कुणी काय वाचलं ते कुणाला सांगायचं नाय, हाही नव्या सरांचाच धडा, तो मी त्या दिवशी जाणूनबुजून विसरले, सरांना कळवू नका.

मंदा स्वतः आली, अठ्ठावीस वर्षांत पैल्यांदा जिना चढून. सही केली. कपाटापाशी उभी राहिली आणि मला म्हणते कशी, तुमी इतकी वर्षं मला कादंबऱ्या त्या रडक्याच का पाठवल्या? मिस्त्रींना रडकंच दिसलं म्हणून घेतलं असंल, मी बोलले. ती बोलली, मला समुद्राचं काय हाय का? जहाजांचं? घ्या. अशी ही बाई.

फेरपरीक्षेत सरांनी तोच प्रश्न विचारला. नाव आलं मंदा गणपत. सरांनी लगेच सही केली. अण्णांना निकाल दाखवला तर त्यांनी खिशातून जाहिरातीचा कागद काढला, माझ्यासमोर फाडला आणि चहा मागवला.

आता टेबल माझंच. बायका जिन्यात रांग लावतात, आणि भांडतात हो, हे पुस्तक मी आधी सांगितलं होतं, तिला का दिलं. मी ओरडते, पण आतून गोड वाटतं. आज फोनवर ग्रंथपालाचं शिकणारी पोरं भेटतात, काकी, काय सांगाल विचारतात. मी म्हणते, काँप्युटर येईल रं तुमाला, माझ्यासारखीला आला. तुमच्या टेबलाशी भांडायला वाचक येवोत, आपल्या नावानं येवोत, एवढंच माझं तुमाला मागणं.