ठिपक्यांची चौकट

सलीमची टर उडवायला गेलो आणि माझंच पाणी झालं, ते ऐका. कापसाच्या जिनिंगात, यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला, आणि डावा असा थरथरतो की माउसचा बाण पडद्यावर माशीसारखा भटकतो. म्हणून गडी माउसला शिवतच नाही. टॅबचं बटण दाबत पुढं सरकतो आणि एन्टर मारतो.

अकोल्याच्या इंटरनेट कॅफेत तो पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढत होता. परवा तिथल्या दवाखान्यात त्याला कृत्रिम हात बसवायचा होता, आणि गाडीत एकच सीट उरली होती. कॅफेवाला चहाला गेलेला. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही.

शेवटी दोन बटणं आली, 'पक्कं करा' आणि 'रद्द करा'. टॅब दाबला की आपण ज्या बटणावर असू त्याभोवती ठिपक्यांची चौकट दिसते, ती या पानावर दिसेचना.

"कोनत्या बटनावर हाय बे आपन?" मी विचारलं.

"दिसून नाही राहिलं. अंदाजानं पक्क्यावर हाय."

"अन् रद्दवर असलो तं?"

"तं सीट गेली."

पडद्यावर उरलेला वेळ सरत होता, आणि सलीम काही दाबेना.

"दाब न बाप्पा. भेला काय?"

"मी कायले भेतो? एकच हात हाय माहा, तो तू कवाचा धरून बसला. सोड."

सोडला. त्यानं एन्टर मारलं. पडदा पांढरा झाला, मी खुर्ची घट्ट धरली, मग तिकीट उमटलं.

सलीम माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "दवाखान्यात तं तुलेच धाडाले पायजे होतं बे."